हॉटेलचे नाव : पाटीवर एक, टॉवेलवर दुसरे

हॉटेल आणि लॉज यांना लागणारे कापड पुरविणे हा माझा व्यवसाय आहे. चादरी, टॉवेल, नॅपकिन, टेबलक्लॉथ, वेटरच्या गणवेशाचे कापड असा सगळा माल त्यात येतो. यातील बऱ्याच मालावर हॉटेलचे नाव विणून अथवा भरतकाम करून द्यावे लागते. म्हणून नगांची संख्या आणि भाव ठरला की मी मालकांना विचारतो, नाव कसे लिहावयाचे? बहुतेकांचे उत्तर एकच असते, "पाटीवर आहे तसेच घ्या." पाटी पाहावी तर तिच्यावर 'शाहिन', बिलबुकावर 'शाहीन', मेनू कार्डावर इंग्रजीत तिसरेच स्पेलिंग आणि पार्सलच्या पिशवीवर छापखानेवाल्याने आपल्या पसंतीचे वळण दिलेले चौथे. (नाव उदाहरणादाखल घेतले आहे, कोणी मनास लावून घेऊ नये.)

हॉटेल काढताना मालक फरशी, खुर्च्या, तंदूर, एसी यांवर लाखो रुपये घालतात. ते योग्यच आहे. पण नाव लिहिण्याचे काम मात्र कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे उभ्या उभ्या उरकले जाते. त्याच्या कॉम्प्युटरवर जी अक्षरे असतील त्यातली जी जास्त फुलापानांची, ती निवडली जातात. फरशी दहा वर्षांत झिजते, एसी त्याच्याही आधी भंगारात जातो. नाव तेवढे असे आहे की जुने झाल्याने त्याची किंमत उतरत नाही, चढते. त्याच वस्तूवर सर्वात कमी खर्च आणि सर्वात कमी विचार व्हावा, हा कसला व्यापार?

पाट्या नीट करून घेण्याची एक चांगली संधी आपल्या राज्यातील व्यापाऱ्यांना नुकतीच मिळाली होती. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने नामफलकाच्या नियमातून सुटत असत, ती पळवाट बंद झाली. मराठी नाव देवनागरीत, फलकाच्या सुरुवातीला, आणि त्याची अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नकोत, असा नियम सर्वांना लागू झाला. काही व्यापारी न्यायालयात गेले. शेवटी २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि नोव्हेंबर अखेरीस मुंबईत पाट्या बदलण्याची धांदल उडाली. त्या धांदलीत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. जुन्या इंग्रजी पाटीच्या डोक्यावर एक पट्टी ठोकली, तिच्यावर विंडोज कॉम्प्युटरबरोबर फुकट येणाऱ्या 'मंगल' अक्षरांत नाव उमटविले आणि दंडातून सुटलो म्हणून मालक मोकळे झाले. मंगल हा टाइप वाईट नव्हे. र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरतज्ज्ञाने तो घडविला. पण तो घडविला कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारीक मजकूर वाचता यावा म्हणून. तोच ताणून दहा फुटी पाटीवर चढविणे म्हणजे मलमलीची ताडपत्री करण्यासारखे आहे.

कायद्याने अक्षरे लहान नकोत असे म्हटले, पण फ्लेक्सवाले अक्षर मोजतात कसे, हे मालकांनी समजून घ्यावे. इंग्रजीची मोठी अक्षरे वरपासून खालपर्यंत चौकट भरून उभी राहतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांना जागा लागते, खाली उकाराला लागते. दोन फूट उंचीच्या पट्टीत इंग्रजी नाव जवळजवळ दोन फूट भरते, आणि त्याच पट्टीत 'हॉटेल गुलिस्तां' लिहिले तर अक्षराचे खरे अंग जेमतेम चौदा-पंधरा इंच उरते. चौकट सारखी म्हणून कागदोपत्री अक्षर सारखे, पण रस्त्यावरून मराठी नाव किरकोळ दिसते. म्हणून माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्यावयास सांगावे आणि मात्रा-उकारांची जागा वेगळी सोडवावी. जादा खर्च होतो तो फुटभर पत्र्याचा.

हायवेवरच्या हॉटेलांना तर हे गणित रोजच्या गल्ल्याचे आहे. पाट्या करणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की दहा फूट अंतराला एक इंच उंचीचे अक्षर धरावे. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे पंचावन्न फूट पुढे जाते. ड्रायव्हरला नाव वाचून, विचार करून, गाडी कडेला घ्यावयास तीन सेकंद तरी द्यावे लागतात. म्हणजे नाव दीडशे ते पावणेदोनशे फुटांवरून वाचता आले पाहिजे आणि अक्षर पंधरा इंचांच्या पुढे हवे. आमच्याकडे हायवेच्या हॉटेलांवर नावापेक्षा 'शुद्ध शाकाहारी', 'फॅमिली रूम', 'एसी' आणि शीतपेयाच्या कंपनीची जाहिरात यांनीच फलक भरलेला असतो. कंपनी फलक फुकट देते म्हणून मालक खूश. पण त्या फलकावर कंपनीचे नाव मोठे आणि आपले लहान असते, हे फुकट नव्हे.

अलीकडे अॅक्रिलिकची किंवा स्टीलची सुटी अक्षरे भिंतीवर बसविण्याची पद्धत आली आहे. आतून एलईडीचा उजेड येतो, दिसावयास छान वाटते. इंग्रजीला ही पद्धत शोभते, कारण ती अक्षरे मुळातच सुटी. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेने एका धाग्यात बांधलेली असतात. कारागीर प्रत्येक अक्षर वेगळे कापतो, मध्ये बोटभर फट ठेवून बसवितो, आणि शब्दाचे तुकडे होतात. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. शब्द अखंड कापून घेण्यास पैसे थोडे जास्त पडतात. ते द्यावेत.

आता उर्दूकडे येतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. आमच्या वेळी तख्तीवर बरूच्या कलमाने लिहावे लागे, आणि उस्ताद अक्षर मोजत ते त्याच कलमाच्या टोकाने उठविलेल्या ठिपक्यांनी. अलिफ किती नुक्त्यांचा, बे किती नुक्त्यांची लांब, हे ठरलेले. मोहल्ल्यातील हॉटेलांच्या पाट्यांचे उर्दू हाताने लिहिले जाई आणि त्यात ते माप असे. १९८१ मध्ये पाकिस्तानचे मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसाठी नस्तालिकचे जोडशब्द हजारोंच्या संख्येने लिहून दिले, त्यातून नूरी नस्तालिक झाले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज आले आणि कातिबांचे दिवस संपत गेले. त्याबद्दल मी रडगाणे गाणार नाही. हातमाग गेले, पॉवरलूम आले, तसेच हे. परंतु यंत्र आले म्हणून कापडाची विण ढिली चालते असे कोणी म्हणत नाही. फ्लेक्सवाल्याकडे उर्दू उमटविण्याची सोय नसली तर तो मोबाइलवरून मजकूर उचलतो आणि अक्षरे सुटी होऊन, कधी कधी उलट्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे छापली जातात. 'बिर्याणी' हा शब्द त्या अवस्थेत मी अनेक पाट्यांवर पाहिला आहे. त्याला न वाचता येणारे सुंदर नक्षी समजतात, वाचता येणारे मान खाली घालतात. छापण्यापूर्वी एखाद्या उर्दू शाळेच्या शिक्षकाला दोन मिनिटे दाखविले तरी हे टळते.

आणखी एक गोष्ट. नस्तालिक उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरते. त्याला उंची लागते. बारा फूट लांब आणि दीड फूट उंच पट्टीत ते कोंबले की बारीक होऊन जाते. उर्दू ठेवावयाचेच असेल तर पाटीच्या एका बाजूस चौकोनी जागा द्यावी, लांब पट्टी देवनागरीस द्यावी. दोन्ही लिपींस आपापल्या अंगाची जागा मिळाली की दोन्ही शोभतात. काही मालकांना शंका असते की मराठीची सक्ती म्हणजे उर्दूवर बंदी. तसे नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिलेले होते, त्यावर आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने मराठीच्या जोडीस उर्दू लिहिण्यास कायद्याची मनाई नाही असा निकाल दिला. तो निकाल नगर परिषदेच्या इमारतीबाबत आहे, दुकानांचा कायदा वेगळा. तथापि दुकानांच्या कायद्यातही मराठी प्रथम आणि लहान नको एवढेच बंधन आहे, दुसरी लिपी नको असे नाही.

मला खरा राग आहे तो निराळ्या गोष्टीचा. मोगलाई खाणे विकावयाचे म्हटले की देवनागरीलाच उर्दूचा वेष चढविला जातो. क ला चंद्रकोर, म ला घुमट, वेलांटीला तलवार, जागोजाग निरर्थक नुक्ते. हे ना मराठी, ना उर्दू. सिनेमाच्या पोस्टरवरचा नवाब आणून दारात उभा करावा तसे ते वाटते. गिऱ्हाईक मराठी वाचतो, त्याला 'दरबार' आहे की 'दरवार' हे थांबून ओळखावे लागते. उर्दू वाचणाऱ्याला तर त्यात वाचण्यासारखे काहीच नसते. चांगली नल्ली निहारी बनविणाऱ्या माणसाला घुमटाची गरज काय? आपल्या हाताची चव हीच ओळख आहे, तर नाव साध्या, ठसठशीत मराठीत लिहावे आणि शेजारी अस्सल उर्दू लिहावे.

मुंबईच्या इराणी हॉटेलांकडे पाहा. क्यानी १९०४ ची, ब्रिटानिया १९२३ ची. लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबले, रंगविलेल्या पाट्या, काचेवरची अक्षरे, भिंतीवर गिऱ्हाइकांना दिलेल्या सूचना. हे सगळे जुनाट म्हणून आपल्याकडे कितीतरी हॉटेलांनी काढून टाकले. २०१० मध्ये लंडनला 'डिशूम' नावाचे हॉटेल निघाले. त्यांनी हाच मुंबईच्या इराणी हॉटेलांचा थाट तिकडे उभा केला. पुढे त्याच्या शाखा निघाल्या आणि बाहेर रांगा लागतात. ज्या अक्षरांना आपण भंगाराच्या भावात काढले, त्यांची किंमत परक्या गावात समजली.

असो. माझ्या मालाविषयी थोडे सांगतो, कारण नावाची खरी परीक्षा पाटीवर नाही, कापडावर होते. टर्किश टॉवेलवर नाव उमटते ते दोऱ्याच्या छोट्या छोट्या फाशांनी. प्रत्येक फासा म्हणजे एक ठिपका. तीन-चार फाशांपेक्षा बारीक रेघ असली तर ती चार-सहा धुलाईंत विस्कटून नाहीशी होते. 'नवाब' चा ब असाच पोटातली रेघ गमावतो आणि टॉवेलवर 'नवाव' होतो. अनुस्वार उडतो, 'अंबर' चे 'अबर' होते. उर्दूची गोष्ट आणखी नाजूक. बे, पे आणि ते यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा, आणि नुक्ता हीच टॉवेलवर सर्वात आधी मरणारी वस्तू. म्हणून टॉवेलवर नस्तालिक विणा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सरळ नाही म्हणतो.

नाव विणावयाचे तर जॅकार्ड लागते. डॉबीवर किनारीची नक्षी होते, अक्षरे होत नाहीत. जॅकार्डवर एका नावासाठी डिझाइन करून माग लावावयाचा म्हणजे मोठी लॉट घ्यावी लागते. वीस-पंचवीस खोल्यांच्या लॉजला ते परवडत नाही, त्यांनी किनारीच्या सपाट पट्टीवर मशीनचे भरतकाम करून घ्यावे. भरतकामात पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर स्वच्छ येत नाही, आणि मात्रा-वेलांट्यांमुळे मराठीस त्याहून थोडे मोठेच धरावे लागते. वेटरच्या खिशावर 'हॉटेल अमुक, फॅमिली रेस्टॉरंट अँड लॉजिंग, स्टँडसमोर' एवढे सगळे भरून मागणारे मालक आहेत. खिसा चार इंचांचा असतो.

रंगाचेही तसेच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर भडक गुलाबी, पोपटी, नारिंगी रंग फार गोंडस दिसतो. लॉजची चादर आणि टॉवेल धोबी ब्लीचिंग घालूनच धुतो. त्यात टिकतो तो व्हॅट डायचा पक्का रंग, साधे रंग दोन महिन्यांत फिके पडतात. आणि व्हॅटमध्ये पडद्यावरची प्रत्येक छटा मिळत नाही. गडद निळा, मरून, बाटलीचा हिरवा, तपकिरी हे भरवशाचे. ज्या हॉटेलने पाटीचा रंग ठरवितानाच कापडवाल्यास विचारले, त्याची पाटी आणि टॉवेल एका घरचे दिसतात. विचारले नाही, तर पाटी पोपटी आणि टॉवेलवर नाव शेवाळी.

टॉवेलवर नाव घातल्याने चोरी थांबते असा समज आहे. तो तितकासा खरा नाही. हॉलिडे इन या अमेरिकन साखळीच्या हिरव्या पट्ट्याच्या टॉवेलांचे उदाहरण आहे. पाहुणे ते इतके नेत की २००३ मध्ये कंपनीने टॉवेल नेणाऱ्यांस जाहीर माफी देऊन त्यांच्याकडून टॉवेलच्या गोष्टी मागविल्या. नाव चांगले दिसत होते म्हणूनच लोकांना टॉवेल न्यावासा वाटला. आपल्याकडे न्यावासा वाटेल असा टॉवेल किती लॉजमध्ये आहे, हा वेगळा प्रश्न.

एक प्रकार मी जवळून पाहिला तो सांगतो. एका तालुक्याच्या गावी आमच्या एका गिऱ्हाइकाचे हॉटेल अठरा वर्षे चालत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच नावाचे दुसरे हॉटेल निघाले. त्यांनी नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतले आणि यालाच नोटीस दिली. कायदा अगोदरपासून नाव वापरणाऱ्याच्या बाजूचा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३४ मध्ये त्यास संरक्षण आहे. पण अगोदरपासून वापरतो हे कागदाने दाखवावे लागते. वकिलाने जुनी बिले, जाहिराती, पाटीचे फोटो मागितले. सगळे मिळाले, परंतु प्रत्येकावर नाव वेगळे. बिलावर पुढे 'न्यू', पाटीवर नाही, परवान्यावर मालकाच्या वडिलांचे नाव जोडलेले, इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे. वकील म्हणाला, लढता येईल, पण किती वर्षे लागतील सांगता येत नाही. त्याने लढण्याऐवजी नाव बदलले. आम्ही नुकतेच विणून दिलेले ऐंशी डझन टॉवेल फरशी पुसण्याच्या कामी आले. टॉवेलचे पैसे बुडाले ते ठीक, अठरा वर्षांची ओळख फरशीवर गेली.

म्हणून नाव ठरले की नोंदणी करावी. हॉटेल, खानावळ, लॉज यांचा वर्ग ४३. स्वतःच्या नावाच्या चादरी-टॉवेल विकावयाचे असतील तर वर्ग २४ सुद्धा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गास ४,५०० रुपये फी आहे, मोठ्या कंपनीस ९,०००. नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण होते. 'दिल्ली', 'दरबार', 'सागर' असल्या सर्वांच्या शब्दांवर एकट्याचा हक्क मिळणे कठीण जाते. तेथे नाव ज्या विशिष्ट अक्षरांत, ज्या चिन्हासह लिहिले आहे त्या स्वरूपात नोंदवावे लागते, आणि मग ते अक्षर हीच तुमची मालमत्ता होते. फ्लेक्सवाल्याच्या यादीतून उचललेले अक्षर शंभर दुकानांवर असते, त्यावर तुमचा कसला हक्क?

अक्षर लिहून घेण्यास फार मोठा खर्च येतो असे नाही. सर ज. जी. उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणी शिकलेली मुले हे काम करतात. अनेक गावांत जुने पेंटर अजून आहेत, फ्लेक्समुळे त्यांचे हात रिकामे आहेत. तेवढेही जमत नसेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त, बालू यांसारखे चांगले मराठी टाइप कायदेशीर आणि विनामूल्य मिळतात. बालू जाड आहे, तो पाटीवरही चालतो आणि टॉवेलवरही टिकतो. काम करून घेताना नाव एकाच रंगात चांगले दिसते का ते पाहावे, कारण बिल आणि भरतकाम दोन्ही एका रंगात होते. एक मोठा नमुना आणि एक अंगठ्याएवढा नमुना मागावा. अंगठ्याएवढ्यात वाचता आले तर खिशावर, चमच्यावर, बिलावर सगळीकडे चालेल. मूळ फाइल मालकाने आपल्याजवळ ठेवावी, फ्लेक्सवाल्याकडे नव्हे, कारण त्याचे दुकान बंद पडले की आपले नावही त्याच्याबरोबर जाते.

ज्यांच्याकडे आज चार प्रकारची नावे आहेत त्यांनी जुना माल एकदम काढू नये. लॉजचा टॉवेल एरवीही वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो. प्रथम परवाना आणि बिलबुक यांवरचे नाव एक करावे, मग पाटी, आणि कापड जसजसे फाटेल तसतसे नव्या अक्षरांत भरावे. नव्या नावाचा जॅकार्ड माल विणून हाती येण्यास महिना-दीड महिना लागतो. हंगाम धरावयाचा असेल तर अक्षराचा कागद त्याआधी आमच्याकडे यावा, आणि त्यावर मालकाची सही असावी.